रद्दीच्या दुकानातले दोन वेताळ

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत धानाचं गोदाम संपलं की डाव्या हाताला निळं लाकडी दार लागतं. पाटी नाही. दारात तराजू टांगलेला, खाली पेपरांचे गठ्ठे, बाजूला भंगाराचा ढीग. नवा माणूस रद्दीवाला समजून पुढे निघून जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही, कारण अर्धं दुकान रद्दीचंच आहे. उरलेलं अर्धं पाहायचं तर तराजूच्या बाजूने अंग चोरून आत शिरावं लागतं. साडी नेसलेली असेल तर पदर आधी खोचून घ्या. त्या भंगारात माझे दोन पदर फाटले आहेत.

आत छतापर्यंत फळ्या. त्यांच्यावर जुन्या रहस्यकथा, भुतांच्या गोष्टी, चांदोबाचे बांधीव अंक, इंद्रजाल कॉमिक्स, कॅसेटी, नाटकांची पोस्टरं, कुणाच्या तरी घरून उचललेला मर्फीचा रेडिओ, आणि राइस मिलच्या जुन्या रोकडवहीत खळीने चिकटवलेली पेपरची कात्रणं. विकत घ्या, भाड्याने न्या, नाहीतर तिथेच स्टुलावर बसून वाचा. भाडं दिवसाला पाच रुपये, अनामत शंभर. मालकांना सगळे काकाजी म्हणतात. सत्तरीच्या पुढचे आहेत. नॅरोगेज चालू होती तेव्हा नागभीड-नागपूर त्या छोट्या गाडीत मासिकं विकत फिरायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली आणि डब्याडब्यातून फिरणारा माल या खोलीत येऊन बसला.

मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि या दुकानात अकरा वर्षांपासून जाते. आजवर त्याबद्दल लिहिलं नव्हतं, कारण पहिल्या दिवसाचा राग होता. मी आत गेले, तर काकाजींनी न विचारता माझ्यासमोर लोणच्यांचं पुस्तक आणि सोळा सोमवारची पोथी ठेवली. मी म्हटलं, मला खुनाचं पाहिजे. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भेवाचा पायजे का डोक्याचा?" आमच्या झाडीत, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या बोलीत, नपुंसकलिंग नावापुरतंच आहे. पुस्तक इथे ‘तो’ असतो. वर्गात मी वर्षभर ते सुधारत बसते आणि या दुकानात गेले की तासाभरात मीही तशीच बोलायला लागते.

आता लिहितेय ते भाच्यामुळे. बहिणीचा मुलगा, नागपूरचा, पंधरा वर्षांचा, दहावीची परीक्षा देऊन मे महिन्यात माझ्याकडे आला. आमच्या गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तरच लागतं, आणि मे महिन्यात दुपारी टाकीजवळ उभं राहणं म्हणजे काय ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. दोन दिवस कूलरसमोर पडून तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, इथं काहीच होत नाही ना." मी त्याला गाडीवर बसवलं आणि काकाजींकडे नेऊन टाकलं. मनात म्हटलं, पाहू या, या जुन्या मालात आजच्या पोराला काही सापडतं का. या लेखातलं सगळं मूल्यमापन त्या तीन आठवड्यांवरचं आहे.

मला वाटलं होतं काकाजी त्याला पहिल्यांदा एखादी जाडजूड रहस्यकथा देतील. त्यांनी रोकडवही उघडली. कात्रण आपल्या लाडबोरीचं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला आकाशातून जळत्या रेघा गेल्या, अर्ध्या महाराष्ट्राने आणि मध्य प्रदेशाने पाहिल्या, आणि आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत मोकळ्या जागेवर तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोच्या आसपासचं लोखंडी कडं पडलं. लोखंडी हा आमचा शब्द. धातू कोणता ते आम्ही काय सांगणार. आजूबाजूच्या गावांत नंतर धातूचे गोळेही सापडले. कडं पोलिस ठाण्यात ठेवलं गेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात परत आला, त्याचे हे तुकडे असावेत, असा जाणकारांचा अंदाज.

भाचा एकदम सरळ बसला. "तो व्हिडिओ फेक होता ना?" नागपुरातल्या त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला होता आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवला आहे. काकाजींनी चष्मा वर केला. "मी पायला बाबू. या डोऱ्यान पायला. आमी समजलो इमान जरून पडते." इमान म्हणजे विमान. त्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ज्या गावात काहीच होत नाही, त्या गावाच्या शेजारी आकाशातून कडं पडलं होतं आणि ते पाहिलेला माणूस समोर बसून सुपारी कातरत होता.

या दुकानाची खरी गंमत मला इथे दिसली. जुन्या गोष्टींचं वेड लावणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. आमच्या काळी असं होतं, तुम्हाला काय कळणार, अशी त्यांची सुरुवात. नवा माणूस तिथेच उठून जातो. काकाजी दारातून सुरू करतात. आधी तुमच्या अंगणातलं कोडं, मग तालुक्याचं, मग जगाचं. लाडबोरीनंतर त्यांनी स्कायलॅबचं कात्रण काढलं. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी खाली आली. कुठे पडेल ते आधी कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. आमच्या घरी ही गोष्ट आई सांगते: धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकून झाले होते, रोवणी करायची की नाही यावर गावात बैठक झाली, आणि बाबांनी मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून घरातल्या तिन्ही कोंबड्या कापल्या. स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. कोंबड्या गेल्या त्या गेल्या. ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स नावाच्या गावच्या पालिकेने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासाला चारशे डॉलरचा दंड लावला. तो शेवटी २००९ मध्ये एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. भाच्याने लगेच विचारलं, लाडबोरीने चीनला का नाही लावला? याचं उत्तर काकाजींकडेही नव्हतं.

उत्तरांवरून आठवलं. दुकानाच्या मधोमध बिस्किटांचे दोन मोठे खोके आहेत. एकावर खडूने लिहिलंय ‘उत्तर आहे’, दुसऱ्यावर ‘उत्तर नाही’. जगातली कोडी, कात्रणं, त्या विषयावरची पातळ पुस्तकं या दोन खोक्यांत विभागलेली. माझ्या दृष्टीने अख्ख्या दुकानातली सर्वात मोलाची गोष्ट हे दोन खोके आहेत, आणि त्यांच्यासाठी भाडंही लागत नाही.

‘उत्तर आहे’मध्ये २१ सप्टेंबर १९९५ ची कात्रणं आहेत, गणपती दूध प्याला तेव्हाची. मी तेव्हा अकरावीत होते. मीही चमचा घेऊन रांगेत उभी होते आणि माझ्या चमच्यातलं दूधही गेलं होतं, हे मी आज विज्ञान शिकवत असले तरी नाकारणार नाही. चमचा मूर्तीला टेकला की पृष्ठताण दुधाला कडेवरून ओढून घेतो आणि मग ते पातळ थरात मूर्तीवरून खाली उतरतं, इतकं पातळ की दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं तेव्हा ओघळ दिसले. काकाजी हे नुसतं सांगत नाहीत. त्यांनी फळीवरची मातीची लहान मूर्ती काढली, चमच्यात कुंकवाचं पाणी घेतलं आणि भाच्याच्या हातात दिलं. पोराने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाणी गणपतीच्या पोटावरून लाल रेघ करत पाटावर आलं. मी अठरा वर्षं पृष्ठताणाचा धडा घेते, पण एवढ्या शांततेत माझा वर्ग कधी बसलेला नाही.

लोणार त्याच खोक्यात आहे. बुलडाण्याचं असलं तरी आपल्याच विदर्भातलं. उल्केच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात पडलेलं, जवळपास गोल, पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यासाचं विवर. ते पूर्वी कित्येकांना ज्वालामुखीचं तोंड वाटायचं. वयाचा आकडाही बदललेला आहे: एका पद्धतीने मोजलं तर बावन्न हजार वर्षं, नंतरच्या दुसऱ्या मोजणीत पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास. काकाजींनी जुना आकडा पेन्सिलीने खोडून वर नवा लिहिला आहे, पण जुना दिसेल असा. जून २०२० मध्ये तलाव गुलाबी झाला तेव्हा लोकांनी काय काय बोलावं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. जीव तळाशी बसले, पाणी पुन्हा निवळलं.

आता ‘उत्तर नाही’ हे खोकं. नव्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. मेरी सेलेस्ट आहे: डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्यामधल्या समुद्रात हे जहाज शिडं लावलेलं सापडलं. कप्तान, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी, सात खलाशी, एकही माणूस नाही. मालात अल्कोहोलची १७०१ पिंपं. जीवनौका गायब. भाच्याने ते कात्रण वाचलं आणि म्हणाला, टेबलावर चहा गरम होता ना? मोबाइलवर त्याने तसंच ऐकलं होतं. काकाजींनी जोरात मान हलवली. गरम चहा नंतर लोकांनी ओतला. ज्यांनी जहाज शोधलं त्यांच्या जबानीत चहा नाही. "इतका मोठा कोडा हाये, त्याच्यात चहा कायले पायजे?"

रूपकुंडासाठी मात्र मी या दुकानाला वेगळे गुण देते. उत्तराखंडातलं, पाच हजार मीटर उंचीवरचं छोटं तळं, १९४२ मध्ये एका वनरक्षकाला त्यात माणसांचे सांगाडे दिसले, शेकडो. काकाजी म्हणाले, हे कात्रण आधी ‘उत्तर आहे’मध्ये होतं. नवव्या शतकात यात्रेकरूंच्या एका तांड्यावर मोठ्या गारा कोसळल्या, डोक्यांना वरून मार लागलेला, झालं, उत्तर मिळालं. मग २०१९ मध्ये अडतीस सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. त्यात निघालं की बरेच दक्षिण आशियातले, पण एकाच वेळी मेलेले नाहीत. आणि चौदा जण तर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या लोकांशी, ग्रीस-क्रीटकडच्या लोकांशी, नातं सांगणारे, तेही जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी मेलेले. ते तिथे काय करत होते? त्या दिवशी काकाजींनी कात्रण उचललं आणि या खोक्यातून त्या खोक्यात टाकलं. उलट्या दिशेने. मी म्हटलं, असं किती वेळा झालं? म्हणाले, एकदाच. दुसऱ्या दिशेने मात्र दहा-बारा वेळा.

याच कामात ते एका ठिकाणी लबाडी करतात, ती लिहायलाच पाहिजे. बर्म्युडा त्रिकोण अजून ‘उत्तर नाही’मध्ये आहे. तो केव्हाच हलायला हवा होता. लॅरी कुशे नावाच्या अमेरिकेतल्या एका ग्रंथपालाने त्या काळची वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी काढून एकेक प्रकरण तपासलं आणि १९७५ मध्ये पुस्तक काढलं. जी जहाजं तिथे शांत समुद्रात गायब झाली म्हणून सांगतात, त्यातल्या काहींच्या वेळी वादळ होतं, काही तर भलतीकडेच बुडाली होती. काकाजींना हे ठाऊक आहे. मी विचारलं तर म्हणतात, "मॅडम, तो सगळ्यात जास्त भाड्यान जाते जी." धंदा आहे, मान्य. पण मग खोक्यावर खडूने लिहू नये.

आता वेताळ. काकाजींनी भाच्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी हातात दिल्या, एक चांदोबा आणि एक इंद्रजाल कॉमिक, आणि सांगितलं, दोन्हीत वेताळ आहे, वाच. पोरगा गोंधळला. एकीकडे स्मशानात झाडावर लटकलेलं प्रेत, राजा विक्रम त्याला खांद्यावर घेऊन निघालेला. दुसरीकडे कवटीच्या गुहेत राहणारा, अंगाला घट्ट कपडे, डोळ्यांवर पट्टी, ठोसा मारला की गुंडाच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उठवणारा गोरा माणूस. "हे दोघं नातेवाईक आहेत का?"

नाहीत. दुसरा अमेरिकेचा फँटम, ली फॉकने १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणलेला. मार्च १९६४ पासून इंद्रजालने त्याच्या गोष्टी कॉमिकमधून छापल्या आणि आपल्याकडे त्याचं नाव वेताळ पडलं. गंमत अशी की मूळ गोष्टीतला त्याचा मुलूख बंगालच्या नावाशी फार जवळ जात होता, म्हणून इथे तो देंकाली झाला. आमच्या पिढीला कधी प्रश्नच पडला नाही की आफ्रिकेच्या जंगलातल्या गोऱ्या माणसाला आपण वेताळ का म्हणतो. पंधरा वर्षांच्या पोराला पडला. आणि त्याहून पुढचाही पडला: जंगलातले सगळे लोक एका गोऱ्याला का घाबरतात? मी लहानपणी तीच पानं शंभरदा वाचली असतील. मला हे दिसलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. काकाजींकडे मराठीतले एकूण सदतीस अंक आहेत. ते विकत नाहीत, भाड्यानेही देत नाहीत. तिथेच स्टुलावर बसून, हात धुऊन वाचायचे. हा नियम बरोबर आहे, फक्त हात धुवायला ठेवलेल्या बादलीतलं पाणी रोज बदललं जावं.

चांदोबाने मात्र पोराला पकडलं. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा. विक्रम-वेताळाच्या गोष्टींसाठीचं शंकर यांनी काढलेलं ते चित्र, तलवार हातात, प्रेत खांद्यावर, पायाजवळ साप आणि कवट्या, त्याच्याकडे तो बराच वेळ बघत बसला. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. उत्तर दिलंस तर मी परत झाडावर. भाच्याने उत्तराचं पान हाताने झाकून घेतलं आणि आधी स्वतः उत्तर द्यायला लागला. पहिल्या दिवशी सहापैकी दोन बरोबर. आठवड्याने सहापैकी पाच. मग तो राजाशी भांडायला लागला की विक्रमाचं उत्तर चूक आहे. काकाजी म्हणाले, आता याले मोठा पुस्तक द्या.

मोठं पुस्तक म्हणजे बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि हजाराच्या वर रहस्यकथा. काळा पहाड, झुंजार, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. खून पहिल्या दहा पानांत. वाक्यं छोटी, मधे कुणाच्या भावना वगैरे नाहीत. ज्या पोराला धड्याखालचा उतारा वाचताना झोप येते त्याला हे चालतं. भाषा जुनी आहे, ‘इसम’ आणि ‘तद्वत’ आहे, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. उलट तो माझ्या शेजारणीला इसम म्हणायला लागला. बायका या पुस्तकांत एकतर किंचाळतात नाहीतर विष घालतात. ते मी त्याला दाखवलं. म्हणाला, पाहिलं मावशी मी.

भुतांच्या कपाटाला काकाजी कुलूप लावतात. नारायण धारप, रत्नाकर मतकरी तिथे. ते पहिल्या भेटीत मिळत नाहीत, दुसऱ्या भेटीतही नाही. आणि देण्याआधी काकाजी एक प्रश्न विचारतात, तो मी जगात दुसऱ्या कुठल्या वाचनालयात ऐकलेला नाही: "संडास अंगनात हाये का घरात?" आमचा अंगणात आहे, विहिरीच्या पलीकडे, आणि वाटेत चिंच. काकाजींनी मान हलवली आणि धारपांचं जाड पुस्तक परत आत ठेवून पातळ दिलं. भाच्याने तुंबाड सिनेमा पाहिला होता, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत. तो धारपांच्या एका गोष्टीवरून सुचलेला आहे हे ऐकून त्याला पुस्तकाबद्दल एकदम आदर वाटायला लागला. पातळ पुस्तकही पुरलं. दुसऱ्या रात्री अडीच वाजता मला उठवून त्याने विहिरीपर्यंत नेलं. मी टॉर्च धरून उभी, तो आतून दर अर्ध्या मिनिटाने "मावशी?" म्हणतोय. काकाजींचा प्रश्न किती अनुभवातून आलेला आहे, ते मला तेव्हा कळलं.

रेडिओबद्दल थोडं. मर्फी चालत नाही, नुसता ठेवलेला आहे. पण काकाजींकडे बिनाका गीतमाला या सिनेमाच्या गाण्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या आठवणींची एक कॅसेट आहे. निवेदक अमीन सायानींचा आवाज ऐकून पोरगा म्हणाला, हे तर जाहिरातीतले काका बोलतात तसं. त्याला उलट सांगावं लागलं, की जाहिरातीतले काका यांच्यासारखं बोलतात. आणि तिथे त्याने खरा प्रश्न विचारला: आपली गाणी आपल्या देशात, मग कार्यक्रम श्रीलंकेच्या रेडिओवरून का? त्याचं उत्तर आपल्याच एका माणसाशी येऊन थांबतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ पासूनचे माहिती आणि नभोवाणी मंत्री. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. त्यांच्या काळात आकाशवाणीवर ती जवळपास बंद झाली, आणि अख्खा देश संध्याकाळी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावायला लागला. शेवटी आकाशवाणीनेच अशा गाण्यांसाठी १९५७ मध्ये विविध भारती काढली. हे ऐकून भाचा म्हणाला, म्हणजे शाळेत मोबाइल बंद केला की पोरं टाकीजवळ जातात तसंच. मी काही बोलले नाही. मोबाइल बंदीची सूचना आमच्या शाळेच्या फलकावर माझ्याच अक्षरात आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं भिंतीवर आहेत, पिवळी-गुलाबी, अक्षरं मनगटाएवढी. दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबड्याबरोबर पडतो. पूर्वी ही नाटकं शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, जोडून असायची. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्यात नाटकमंडळांची कार्यालयं ओळीने आहेत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा काकाजींनी त्यांच्या नावाच्या पोस्टरला फुलांचा हार घातला. तो वाळलेला हार अजून तिथेच आहे. भाच्याला पोस्टरांचं काही वाटलं नाही. नाटक पाहिल्याशिवाय पोस्टर कळत नाही; त्याला जानेवारीत बोलावलंय.

आता तक्रारी, कारण मी पाचपैकी साडेतीनच देणार आहे. पंखा एक आणि तो काकाजींवर. मे-जूनमध्ये सकाळी अकराच्या आत जा, नाहीतर पाचनंतर. पुस्तकांत कडूनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या आहेत, तरी कसर लागतेच. दमा असलेल्याने आत बसू नये. पैसे रोख. नातवाने क्यूआर लावून दिलाय, पण तो काकाजींच्या फोनचं रिचार्ज संपलेलं नसेल तरच. आठवडी बाजाराच्या दिवशी रद्दीची गिर्‍हाइकं इतकी असतात की कुणी तुमच्याकडे पाहणार नाही. लहान मुलींना ते अजूनही आधी लोणच्याचं पुस्तक दाखवतात. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने लोणच्याचं पुस्तक घेऊन त्याच्या आत वेताळ लपवून वाचला, मग काकाजींनी तेही शिकून घेतलं.

पण सर्वात मोठी तक्रार फाटक्या पानांची. एका रहस्यकथेची शेवटची आठ पानं नव्हती आणि घेताना कुणी सांगितलं नाही. भाचा रात्री दीडला माझ्या खोलीत येऊन उभा, "मावशी, खून कोणी केला?" मी काय सांगणार. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा दुकानात. काकाजींनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, "फाटला हाये जी" म्हणाले, आणि कपाळाला हात लावून पूर्ण शेवट तोंडी सांगितला. हार कसा सापडला, मुनीम कसा पकडला गेला, माळ्याची साक्ष, सगळं. पंधरा मिनिटं. रद्दी विकायला आलेली दोन माणसं तराजू सोडून आत येऊन उभी राहिली. पाच रुपये भाडंही परत दिलं.

जूनमध्ये भाचा नागपूरला गेला. परवा त्याचा फोन आला. सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याला तेच पुस्तक मिळालं, सगळी पानं असलेलं. "मावशी, मुनीम नाही. डॉक्टर आहे. आणि माळी त्या पुस्तकातच नाही."

मी काल जाऊन काकाजींना सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली, थोडा विचार केला.

"मंग त्या पुस्तकात चुकला असन."